बारा व्होल्टचा हिशेब

बिदर शहर ज्या पठारावर वसले आहे, त्याचा वरचा थर जांभ्या दगडाचा असून त्याखाली बेसॉल्ट, म्हणजे दख्खनचा काळा पाषाण आहे. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यातून झिरपत खाली जाते. परंतु जांभा आणि बेसॉल्ट यांच्या सीमेवर चिकणमातीचा थर लागतो, तेथे ते अडते, आडवे सरकू लागते आणि पठाराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. गुरुनानक झिरा, नरसिंह झरणी आणि पापनाश या बिदरच्या तीर्थांचे पाणी याच रचनेतून येते. पंधराव्या शतकात बहमनी राजधानी बिदरला आल्यानंतर नौबाद येथे जे कारेझ खोदले गेले, त्यामागेही भूस्तरांची हीच जाण होती. कारेझ म्हणजे जमिनीखालून अगदी हलका उतार देत नेलेला बोगदा. त्यातून भूजल उपसल्याशिवाय, केवळ उताराने वाहते आणि हवा, उजेड व गाळ काढण्याची सोय यांसाठी त्याच्या माथ्यावर ठरावीक अंतराने उभे कूप सोडलेले असतात. इराणमधून आलेल्या या विद्येचा नौबादचा नमुना सुमारे तीन किलोमीटर लांबीचा असून त्याच्यावर २१ उभे कूप आहेत.

शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात जमिनीचा स्वभाव बदलतो. आळंदच्या बाजूला बेसॉल्ट आणि त्यावरची काळी माती आहे, तर शहाबाद, चित्तापूर, सेडम या भागात भीमा खोऱ्याचा चुनखडक आहे. घरोघरी घातली जाणारी शहाबादी फरशी याच खडकाची. सच्छिद्र जांभा, भेगाळलेला बेसॉल्ट, उन्हाळ्यात हातभर तडे जाणारी काळी माती आणि थरांचा चुनखडक अशा चार तऱ्हांच्या भूमीत पाणी चार तऱ्हांनी खाली उतरते. म्हणून विहिरीच्या तळाशी एकच मापक ठेवून मिळालेला एक आकडा या जिल्ह्यांत फारसे काही सांगत नाही. पाऊस पडल्यानंतर ओल एक मीटरवर कधी पोहोचली, तीन मीटरवर कधी, चिकणमातीच्या थरावर ती किती दिवस थांबली आणि त्या काळात पाण्याचे तापमान कसे बदलले, हे जाणून घ्यायचे असेल, तर एकाच केबलवर वेगवेगळ्या खोलीला अनेक सेन्सर, म्हणजे संवेदक, बांधून ती केबल खाली सोडावी लागते. अशा केबलला सेन्सरांची माळ म्हणतात. ही माळ संगणकाला किंवा नोंदयंत्राला कशी जोडावी आणि तिला वीज कशी द्यावी, हा वरकरणी किरकोळ वाटणारा प्रश्न या प्रकरणाचा विषय आहे. वस्तुतः माळेने दिलेले आकडे खरे निघतात की खोटे, याचा निकाल बहुतेक वेळा सेन्सरच्या गुणवत्तेपेक्षा याच प्रश्नाच्या उत्तरावर लागतो.

भूजल मोजण्याची भारतातील रूढ पद्धत माणसाने विहिरीवर जाऊन टेप सोडण्याची आहे. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारीत, पावसाळ्यापूर्वी, ऑगस्टमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये मोजते. १९९५ मध्ये सुरू झालेल्या जलविज्ञान प्रकल्पात कर्नाटक आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये होती. त्या प्रकल्पात आणि पुढे २०१६ पासूनच्या राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पात विहिरींमध्ये अंकीय जलपातळी नोंदयंत्रे बसवण्यात आली. पावसाच्या मोजणीत तर कर्नाटकाने फार लवकर पाऊल उचलले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या दुष्काळ निरीक्षण कक्षातून पुढे कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्र उभे राहिले आणि त्या केंद्राने ग्रामपंचायतनिहाय दूरसंवेदी पर्जन्यमापक व होबळीनिहाय, म्हणजे तालुक्याच्या पोटविभागानुसार, हवामान केंद्रे बसवली. सौर पॅनेलवर चालणारी आणि मोबाइलच्या जाळ्यातून आकडे पाठवणारी ही यंत्रे औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या मराठी बोलणाऱ्या तालुक्यांतील लोकांच्या रोजच्या पाहण्यातली आहेत. एका जागी उभा असलेला पर्जन्यमापक आणि जमिनीत खोलवर गेलेली माळ यांच्या जोडणीत मात्र मोठा फरक पडतो, कारण माळेत एकाच तारेवर अनेकांना बोलायचे असते.

अनेक उपकरणांनी मिळून वापरलेल्या सामाईक तारेला बस म्हणतात, आणि त्या तारेवरून माहितीचे अंश, म्हणजे बिट, एकामागून एक असे रांगेने जात असतील तर तिला सिरीयल बस म्हणतात. जलविज्ञान आणि हवामानशास्त्रातील सेन्सरांसाठी १९८८ मध्ये ठरलेली एसडीआय-१२ ही अशी एक बस आहे. तिच्या नावातील १२ हा आकडा सेकंदाला १२०० बिट या तिच्या वेगाचा निदर्शक आहे. तिच्यात तीनच तारा असतात: एक १२ व्होल्टची, एक ग्राउंडची म्हणजे शून्य व्होल्टची आणि एक संदेशाची. या वेगाने एका अक्षराला सव्वाआठ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो आणि सेकंदाला जेमतेम १२० अक्षरे जातात. आजच्या संगणकाच्या मानाने हा वेग नगण्य आहे, परंतु विहिरीतल्या पाण्याला घाई नसते, आणि संथ संकेत लांब, साध्या केबलवरूनही न बिघडता पोहोचतो. बसवरील प्रत्येक सेन्सरला एक अंक किंवा एक रोमन अक्षर हा पत्ता असतो. दहा अंक, सव्वीस लहान आणि सव्वीस मोठी अक्षरे मिळून असे बासष्ट पत्ते होतात. नोंदयंत्र पत्ता पुकारून आज्ञा देते, त्या पत्त्याचा सेन्सर तेवढा उत्तर देतो आणि बाकीचे गप्प राहतात.

ही बस संगणकाच्या यूएसबी खाचेला किंवा बाजारात मिळणाऱ्या साध्या यूएसबी-सिरीयल तारेला सरळ जोडता येत नाही आणि त्यामागे तीन कारणे आहेत. पहिले कारण संकेताच्या उलटेपणाचे: साध्या यूएसबी-सिरीयल तारेची संदेशवाहिनी विश्रांतीत असताना उंच, म्हणजे ३.३ ते ५ व्होल्टच्या आसपास असते, तर एसडीआय-१२ ची तार विश्रांतीत शून्याजवळ असते आणि पाच व्होल्टला शून्य हा बिट मानते. दुसरे कारण असे, की संगणकाच्या सिरीयल जोडणीत पाठवण्याची आणि घेण्याची तार वेगवेगळी असते, तर येथे एकाच तारेवर दोन्ही कामे आळीपाळीने करावी लागतात; एकाने बोलणे संपवून तार मोकळी केल्याशिवाय दुसऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही. तिसरे कारण वेळेच्या शिस्तीचे आहे. झोपलेल्या सेन्सरांना जागे करण्यासाठी तार निदान १२ मिलिसेकंद उंच धरावी लागते, मग निदान ८.३३ मिलिसेकंद खाली ठेवावी लागते, त्यानंतर आज्ञा पाठवावी लागते, आणि सेन्सरने १५ मिलिसेकंदांच्या आत उत्तराला सुरुवात करायची असते. एकाच वेळी दहा कामे करणाऱ्या संगणकाला एवढा काटेकोर वेळ पाळणे अवघड जाते. ही तिन्ही कामे जे छोटे उपकरण करते, ते कन्व्हर्टर. जुन्या संगणकांवरील आरएस-२३२ या जोडणीत उणे १५ ते अधिक १५ व्होल्टपर्यंतचे संकेत चालतात. तशी तार कन्व्हर्टर न लावता सेन्सरला जोडली, तर सेन्सर कायमचा निकामी होण्याचा संभव असतो.

कन्व्हर्टर हाती आल्यावर बहुतेकांचा पहिला समज असा होतो, की त्याला यूएसबीतून वीज मिळते तेव्हा सेन्सरांनाही तीच पुरेल. काही कन्व्हर्टर यूएसबीच्या ५ व्होल्टचे १२ व्होल्ट करून बसला देतातही. प्रश्न तेवढी वीज येणार कोठून हा आहे. यूएसबीच्या नेहमीच्या खाचेतून ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट मिळतात. त्याचे १२ व्होल्ट करताना होणारी घट धरली, तर हाती पावणेदोनशे मिलिअँपिअरच्या आसपास उरतात. मोजमाप करताना एक सेन्सर ३० मिलिअँपिअर घेतो असे धरल्यास, एकाच वेळी मोजणाऱ्या दहा सेन्सरांना ३०० मिलिअँपिअर लागतील. टेबलावर एक सेन्सर लावून पाहिला तेव्हा सर्व ठीक चालले आणि विहिरीवर दहा लावल्यावर निम्मे गप्प झाले, या नेहमीच्या तक्रारीचे मूळ येथे असते. पाच-सहाहून अधिक सेन्सरांच्या माळेला १२ व्होल्टचा पुरवठा स्वतंत्र बॅटरीतून द्यावा, हा नियम पाळणेच शहाणपणाचे आहे.

स्वतंत्र बॅटरी जोडताना आणखी एक चूक फार सहज घडते. कन्व्हर्टर संगणकाकडून वीज घेतो, सेन्सर बॅटरीकडून घेतात, आणि दोघांमध्ये फक्त संदेशाची तार ओढली जाते. परंतु व्होल्ट ही गोष्ट नेहमी दोन बिंदूंच्या दरम्यान मोजली जाते. बॅटरीचे ऋण टोक, कन्व्हर्टरचे ग्राउंड आणि सेन्सरांचे ग्राउंड एकत्र बांधलेले नसतील, तर संदेशाच्या तारेवरील पाच व्होल्ट कशाच्या तुलनेत पाच आहेत हे ठरतच नाही. म्हणून जोडणीचा क्रम असा ठेवतात: सर्व पुरवठा बंद करून आधी ग्राउंड, मग संदेशाची तार आणि सर्वांत शेवटी १२ व्होल्टची तार. बॅटरीच्या धन टोकालगत एक अँपिअरचा फ्यूज घालतात, जेणेकरून माळेत कोठे शॉर्ट झाल्यास केबल तापण्याऐवजी फ्यूज जाईल. तारांचे रंग प्रत्येक निर्मात्याचे वेगळे असतात. एकाची तांबडी तार पुरवठ्याची असते, तर दुसऱ्याची तपकिरी, आणि तिसऱ्याची तांबडी तार चक्क संदेशाची असते. रंग पाहून अंदाज बांधण्यापेक्षा सेन्सरसोबत आलेल्या माहितीपत्रकातील आकृती पाहावी आणि मल्टीमीटर लावून खात्री करावी.

पत्त्यांचे कामही माळ खाली सोडण्यापूर्वीच उरकावे लागते. कारखान्यातून येणारा जवळजवळ प्रत्येक सेन्सर शून्य हा पत्ता घेऊन येतो, आणि तसेच दहा सेन्सर एका तारेवर लावले तर शून्याला हाक मारताच दहाही जण एकदम उत्तर देतात व उत्तराचा चिखल होतो. त्यामुळे एकेक सेन्सर एकटाच जोडून त्याला जुना पत्ता, मग ए हे अक्षर, मग नवा पत्ता आणि शेवटी उद्गारचिन्ह अशी आज्ञा द्यायची आणि त्याच्या अंगावर नवा पत्ता व ठरवलेली खोली न पुसणाऱ्या शाईने लिहायची. सीमाभागात हे लेबल कन्नड आणि मराठी दोन्हींत लिहिणे हिताचे ठरते, कारण आज बसवणारा तंत्रज्ञ आणि तीन वर्षांनी पेटी उघडणारा ग्रामपंचायतीचा वॉटरमन हे एकच भाषा वाचतील याची शाश्वती औराद-भालकीत देता येत नाही.

आता ज्या हिशेबावर सर्व काही अवलंबून असते, तो तारेतील घटीचा हिशेब. तांब्याची तार कितीही चांगली असली तरी तिला काही रोध असतो, आणि तारेतून प्रवाह वाहू लागला, की त्या रोधामुळे वाटेत विद्युतदाब कमी होतो. एसडीआय-१२ च्या नियमानुसार सेन्सरपाशी भार असतानाही दाब ९.६ ते १६ व्होल्टच्या दरम्यान असला पाहिजे, आणि ग्राउंडच्या तारेतील घट अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी असली पाहिजे. दहा सेन्सर असताना केबलची लांबी ६० मीटरपर्यंत धरली जाते. कमी सेन्सर असतील तर ती वाढवता येते. समजा, विहिरीत ६० मीटरची माळ सोडली, तिच्या टोकाकडेच बहुतेक सेन्सर आहेत आणि केबलची प्रत्येक तार ०.२ चौरस मिलिमीटरची, म्हणजे टेलिफोनच्या केबलसारखी बारीक आहे. अशा तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.०८६ ओहम, साठ मीटरला सव्वापाच ओहमच्या जवळ, आणि जाणारी-येणारी दोन्ही धरून दहा ओहमहून थोडा अधिक होतो. त्यातून ३०० मिलिअँपिअर गेले तर तीन व्होल्टहून अधिक घट होते. पहाटे बॅटरी साडेअकरा व्होल्टवर आलेली असेल, तर तळाच्या सेन्सरला साडेआठच्या आसपास व्होल्ट मिळतील, म्हणजे किमान मर्यादेहून एक व्होल्ट कमी. शिवाय ग्राउंडच्या तारेतच दीड व्होल्टहून अधिक घट झाल्यामुळे सेन्सरचा शून्य व्होल्ट हा कन्व्हर्टरच्या दृष्टीने दीड व्होल्ट ठरेल आणि संदेश वाचताच येणार नाही. हीच केबल ०.५ चौरस मिलिमीटरची घेतली, तर पुरवठा पुरेसा पोहोचतो, पण ग्राउंडमधील घट ०.६२ व्होल्ट, म्हणजे अजूनही मर्यादेबाहेर राहते. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तारेत ती ०.४१ व्होल्टवर येते. कलबुर्गीच्या मे महिन्यात उन्हात पडलेली केबल ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापली, तर तांब्याचा रोध वीस अंशांच्या मानाने सुमारे सोळा टक्के वाढतो आणि घट ०.४८ व्होल्ट होते. मर्यादेच्या आत, पण काठावर. म्हणजे जी माळ जानेवारीत बिनतक्रार चालली ती मे महिन्यात दुपारी बंद पडून संध्याकाळी पुन्हा सुरू होऊ शकते, आणि हा प्रकार ज्याला ठाऊक नाही तो निर्दोष सेन्सर बदलत बसतो.

या अडचणीवर केबल न बदलताही एक उपाय आहे, आणि तो जितका वापरला जायला हवा तितका वापरला जात नाही. एसडीआय-१२ मध्ये मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. मूळ पद्धतीत एका सेन्सरचे मोजमाप पूर्ण झाल्यावर दुसऱ्याकडे वळतात. पुढच्या आवृत्त्यांत आलेल्या दुसऱ्या पद्धतीत सर्वांना एकदम मोजायला सांगून नंतर एकेकाचे उत्तर गोळा करतात. दुसरी पद्धत वेळ वाचवते, पण प्रवाह दहापट करते. भूजलाच्या नोंदीत दहा सेन्सर मोजायला दहा सेकंद लागले काय आणि दोन मिनिटे लागली काय, फरक पडत नाही. एकेक सेन्सर मोजला, तर बारीक केबलच्या ग्राउंडमधील घटही दीड व्होल्टवरून ०.१५ व्होल्टवर येते. जागे होण्याचा संकेत मात्र बसवरील सर्वांनाच ऐकू जातो आणि ज्यांची पाळी नसते तेही क्षणभर जागे होऊन पुन्हा झोपतात, म्हणून तेवढी सूट हिशेबात ठेवावी लागते.

बॅटरी किती मोठी घ्यावी हे ठरवताना लक्ष सेन्सरांकडे जाते, पण खरा खाऊ बहुधा कन्व्हर्टर असतो. दर पंधरा मिनिटांनी दहा सेकंद मोजमाप होते आणि तेवढा वेळ ३०० मिलिअँपिअर लागतात असे धरले, तर तासाची सरासरी ३.३ मिलिअँपिअरच येते. झोपलेल्या सेन्सरांचा एक मिलिअँपिअर त्यात मिळवता येईल. कन्व्हर्टर मात्र अहोरात्र २० मिलिअँपिअर घेत जागा राहिला, तर दिवसाचा एकूण खर्च ०.५८ अँपिअर-तास होतो. सात अँपिअर-तासांची बंद लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरावी असा दंडक पाळल्यास ती सहा दिवस पुरते, आणि जुलै-ऑगस्टमधील झडीत सूर्य सहा दिवस नीट न दिसणे बिदरला अपूर्वाईचे नाही. कन्व्हर्टरलाही मोजमापापुरतेच जागे ठेवले, तर तीच बॅटरी महिनाभर पुरते. मोठे पॅनेल आणि मोठी बॅटरी विकत घेण्याआधी कन्व्हर्टर झोपू शकतो की नाही हे पाहणे, हा या कामातील सर्वांत स्वस्त निर्णय आहे. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मे होत जाते. या जिल्ह्यांतील उन्हाळ्यात पत्र्याची पेटी बाहेरच्या हवेहून पुष्कळ तापते, म्हणून पेटी पांढऱ्या रंगाची, पॅनेलच्या सावलीत आणि जमिनीपासून उंच ठेवावी व केबलचे तोंड खालच्या बाजूने आत घ्यावे, म्हणजे पावसाचे पाणी, मुंग्या आणि पाली आत शिरण्याची वाट अरुंद होते.

अंतर वाढले की एसडीआय-१२ पुरत नाही, आणि तेथे आरएस-४८५ ही दुसरी सिरीयल बस उपयोगी पडते. १९८३ मध्ये प्रमाणित झालेल्या या पद्धतीत एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा असतात. एकीचा दाब वर जातो तेव्हा दुसरीचा खाली येतो आणि ग्रहण करणारे उपकरण दोघींतील फरक तेवढा वाचते. शेजारच्या बोअरची मोटर सुरू होताना उठणारा विद्युत कल्लोळ दोन्ही तारांवर सारखाच पडत असल्याने वजाबाकीत तो नाहीसा होतो. संथ वेगाला १२०० मीटरपर्यंत आणि प्रमाण भाराच्या ३२ उपकरणांपर्यंत ही बस चालते. तिच्या दोन टोकांना, आणि दोनच टोकांना, १२० ओहमचा रोधक लावतात, कारण तो नसेल तर संकेत टोकावर आदळून परत फिरतो आणि मागून येणाऱ्या संकेतात मिसळतो. उपकरणे एका ओळीत जोडायची असतात. मधूनच फांद्या फोडून चांदणीसारखी जोडणी केली, तर परतीच्या संकेतांचा गोंधळ प्रत्येक फांदीवर होतो. दोन तारांना ए आणि बी अशी नावे असतात, परंतु कोणती ए आणि कोणती बी याविषयी निर्मात्यांत एकवाक्यता नाही. सुदैवाने त्या उलट जोडल्याने काही जळत नाही, फक्त संवाद होत नाही. त्यामुळे उत्तर आले नाही तर दोन तारांची अदलाबदल करून पाहणे हा पहिला उपाय असतो. फरक वाचणारी पद्धत असली, तरी ग्रहण करणाऱ्या उपकरणाच्या ग्राउंडच्या तुलनेत दोन्ही तारांवरील दाब उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या आत असावा लागतो, म्हणून तिसरी तार ग्राउंडची ओढणे टाळू नये.

ही सर्व चर्चा नौबादच्या कारेझला लावून पाहिली, म्हणजे तिचा अर्थ स्पष्ट होतो. तीन किलोमीटरच्या बोगद्यावर २१ कूप म्हणजे दोन कुपांत सरासरी शे-दीडशे मीटर अंतर. प्रत्येक कुपात पाण्याची पातळी, तापमान आणि क्षारता मोजणारी छोटी माळ सोडायची कल्पना केली, तर कुपातली माळ एसडीआय-१२ वर सहज बसेल. पण एका कुपापासून दुसऱ्यापर्यंत ती नेता येणार नाही. तेथे प्रत्येक माथ्यावर एक कन्व्हर्टर ठेवून पुढचा प्रवास आरएस-४८५ वर करावा लागेल, आणि लांबी १२०० मीटरच्या दुपटीहून अधिक असल्याने वाटेत निदान दोन ठिकाणी संकेत ताजा करणारी पुनरावर्तक उपकरणे लागतील. वीज मात्र एका टोकाकडून देणे अशक्य आहे: ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तारेचा जाता-येता रोध तीन किलोमीटरला १३७ ओहमच्या आसपास होतो, आणि २१ कन्व्हर्टरांचे ४२० मिलिअँपिअर शेवटापर्यंत न्यायचे म्हटले, तर सत्तावन्न व्होल्टची घट होईल, जी १२ व्होल्टच्या बॅटरीतून भरून निघण्याचा प्रश्नच नाही. याचा निष्कर्ष असा, की प्रत्येक कुपाला स्वतःची लहान बॅटरी व पॅनेल द्यावे आणि शक्य असेल तेथे तार न ओढता रेडिओने किंवा मोबाइलच्या जाळ्याने आकडे पाठवावेत. राज्याच्या पर्जन्यमापकांनी हीच वाट धरली आहे. कारेझच्या बाबतीत त्याला आणखी एक कारण आहे. सहाशे वर्षांच्या जवळ जाणाऱ्या या बांधणीच्या दगडात केबलसाठी छिद्रे पाडणे कोणत्याही मोजमापाच्या मोबदल्यात समर्थनीय ठरणार नाही.

लांब तार टाळण्याचे तिसरे कारण विजेचे. एप्रिल-मेमध्ये या पठारावर वळवाच्या पावसाबरोबर विजा कडाडतात, आणि वीज थेट पडली नाही तरी जवळ पडलेल्या विजेमुळे लांब केबलमध्ये शेकडो व्होल्टचा झटका उमटतो. केबल पेटीत शिरते त्या जागी वायूच्या नळीचा आणि अर्धवाहकाचा असे दुहेरी संरक्षक बसवतात, जे जास्तीचा दाब जमिनीकडे वळवतात. त्यांचा उपयोग अर्थिंग चांगले असेल तरच होतो, आणि येथे दोन जिल्ह्यांची भूमी पुन्हा आपला फरक दाखवते: ओली काळी माती विजेची चांगली वाहक आहे, पण उन्हाळ्यात तडे गेले की अर्थिंगच्या सळईभोवतीचा संपर्क सुटतो, कोरडा जांभा तर बाराही महिने वाईट वाहक असतो आणि तेथे एका सळईने भागत नाही, अनेक सळया एकमेकींना जोडून खोल उतरवाव्या लागतात. अर्थिंग कितीही चांगले केले, तरी ते एकाच बिंदूवर करावे. विहिरीवरची पेटी आणि ग्रामपंचायतीचे कार्यालय या दोन ठिकाणी वेगवेगळे अर्थिंग असून ती दोन्ही केबलच्या ग्राउंडने जोडली गेली, तर दोन जमिनींतील दाबाच्या फरकाने त्या तारेतून सतत प्रवाह वाहतो. अशा जागी विलगित कन्व्हर्टर घ्यावा, म्हणजे ज्याच्या दोन बाजूंमध्ये तारेचा संबंध नसतो आणि संदेश प्रकाशाच्या किंवा चुंबकाच्या साहाय्याने पलीकडे जातो. त्याची किंमत साध्या कन्व्हर्टरपेक्षा जास्त असते, पण लॅपटॉप चार्जरला लावून विहिरीशी जोडायचा असेल, तेव्हा ती द्यावीच.

पंप असलेल्या बोअरमध्येच माळ सोडण्याचा मोह टाळावा. थ्री-फेज मोटरची केबल आणि सेन्सरची केबल एकाच केसिंगमधून शेजारी-शेजारी खाली गेली, तर स्टार्टर दाबताच संदेश बिघडतो, आणि पंप चालू असताना मोजलेली पातळी जमिनीतील पाण्याची नसून उपशाने खेचलेल्या पाण्याची असते. दुसरा पर्याय नसेल, तर पृष्ठभागावर दोन केबलांत निदान हातभर अंतर ठेवावे, त्या एकमेकींना काटकोनातच ओलांडाव्यात आणि पंप बंद झाल्यावर पुरेसा वेळ जाऊ देऊन मोजमाप घ्यावे.

पाण्याचा दाब मोजून पातळी सांगणाऱ्या सेन्सरच्या केबलमध्ये बहुधा एक बारीक पोकळ नळी असते, जिच्यातून बाहेरच्या हवेचा दाब खालपर्यंत पोहोचतो. ही नळी पेटीत दुमडली किंवा तिच्यात दमट हवेचे पाणी साचले, तर हवेच्या दाबातील बदल पाण्याच्या पातळीतील बदल म्हणून नोंदला जातो. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो आणि मधल्या वेळी उतरतो. दख्खनवर हा चढ-उतार तीन-चार हेक्टोपास्कल असतो, आणि एक हेक्टोपास्कल म्हणजे पाण्याचा सुमारे एक सेंटिमीटर. विहिरीची पातळी रोज ठरावीक वेळी तीन-चार सेंटिमीटर वर-खाली होताना दिसली, तर भूगर्भाविषयी तर्क करण्याआधी त्या नळीच्या टोकाची सिलिका जेलची कुपी उघडून पाहावी आणि तिचे दाणे रंग बदललेले असतील तर बदलावेत.

माळ कार्यान्वित करणाऱ्याने परतण्यापूर्वी दोन मोजमापे करून ती पेटीतल्या वहीत तारखेसह लिहून ठेवावीत: सर्व सेन्सर मोजत असताना सर्वांत शेवटच्या सेन्सरपाशी मिळणारे व्होल्ट आणि त्याच वेळी ग्राउंडच्या तारेत होणारी घट. शेवटचा सेन्सर पाण्याखाली जाणार असल्याने हे माळ जमिनीवर पसरलेली असतानाच करावे लागते. पुढे दरवर्षी पावसाळ्यापूर्वी त्याच वहीत बॅटरीचा पहाटेचा दाब आणि विहिरीत टेप सोडून हाताने मोजलेली पातळी लिहावी, व सेन्सरचा त्या क्षणीचा आकडा तिच्याशी ताडून पाहावा. दोन्हींत फरक पडला तर टेपवर विश्वास ठेवावा आणि तपासाची सुरुवात तारेपासून करावी.